पायातली मोहरी आणि आमचे टेकचंद डॉक्टर

डॉ. टेकचंद यांची आणि माझी ओळख टॉवेलावरून झाली. ऐंशी साल उलटून गेलं होतं. आम्ही अंबरनाथला शिवमंदिराच्या अंगाला एका चाळीत राहत होतो. थोरल्या मुलीच्या मानेवर रुपयाएवढा नायटा उठला. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. लावली की खाज गप्प, सोडली की दुप्पट. त्या ट्यूबचा चाळीत एवढा बोलबाला झाला की ती साखरेसारखी उसनी मागितली जाऊ लागली. नायटा मानेवरून पाठीवर उतरला, मुलीवरून धाकट्यावर गेला आणि धाकट्यावरून माझ्यावर आला. तेव्हा शेजारीण म्हणाली, उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एक सिंधी डॉक्टर आहेत, ते नुसतं कातडीचंच बघतात. मी मुलीला घेऊन गेले.

डॉक्टरसाहेबांनी भिंगातून मान बघितली, पाठ बघितली, आणि औषधाचं काहीच न बोलता विचारलं, "अम्मा, घरात माणसं किती?"

"सात."

"आणि टॉवेल?"

मुलगीच बोलून गेली, "एक."

"एक टॉवेल, सात माणसं! वो टॉवेल नही है अम्मा, एसटी है. बुरशी एकाच्या अंगावरून चढते, दुसऱ्याच्या अंगावर उतरते. तिकीट पण काढत नाही."

बाकावरचे सगळे हसले. मला राग आला. मी म्हटलं, "साहेब, टॉवेलाचं दुकान टाकलंय का तुम्ही?" त्यावर डॉक्टरसाहेब स्वतःच एवढे हसले की चष्मा पुसावा लागला. मग त्यांनी समजावून सांगितलं. औषध घेतलं तर सातही जणांनी एकदम घ्यायचं. एकालाच दिलं तर बुरशी दुसऱ्याकडे पाहुणी जाते आणि सणाला माहेरी यावं तशी परत येते. खाज थांबली म्हणून औषध थांबवायचं नाही. खाज गेली तरी रोग दाराआड उभा असतो. कपडे उन्हात वाळवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या आणि ती ट्यूब कचऱ्यात टाकायची. "ती ट्यूब पोलिसाला गुंगीचं औषध देते," ते म्हणाले, "चोराला नाही."

आता गौरवग्रंथ काढणाऱ्या मंडळींबद्दल सांगते. डॉक्टरसाहेबांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, मोठमोठे लोक त्यांच्यावर लिहिणार आहेत, तुम्हीही दोन शब्द द्या, असं सांगायला ती माझ्या घरी आली. मी म्हटलं, शब्द देते, अक्षरं माझ्याकडे नाहीत. म्हणून मी सांगते आहे आणि नात लिहिते आहे. ती मधूनमधून माझं बोलणं धुऊन वाळत घालते, तेवढं सांभाळून घ्यावं. जाताना मंडळींनी बजावलं, "आजी, चांगलंच सांगा हं." चांगलंच सांगणार आहे. पण डॉक्टरांकडे कोणी चांगलं काही घेऊन जातं का? त्यांचं चांगलं सांगायचं तर आमचं वाईट सांगावंच लागेल.

डॉक्टरसाहेब लहानपणी आईबापांबरोबर सिंधमधून आले आणि कॅम्पातल्या बराकीत वाढले. एकदा बोलता बोलता त्यांनीच सांगितलं होतं. बराकीत एका दोरीवर चार घरांचे ओले कपडे, एका फणीला सगळ्यांची डोकी. त्यांच्या डोक्यात बुरशी झाली आणि केस गोल गोल गळाले. आईने डोकं भादरून राख लावली, शाळेत पोरांनी बाकावरून उठवलं. "त्या दिवशी मी ठरवलं," ते म्हणाले. मला वाटलं, मोठं काहीतरी ठरवलं असेल. तर म्हणाले, "ठरवलं, परत शाळेत जायचं नाही." मग त्यांच्या आईने कानाला धरून नेलं, म्हणून आज हे डॉक्टर आहेत. गौरव करायचाच तर आधी त्या कानाचा करा.

एवढ्या वर्षांत त्यांना मराठी काही धड आली नाही. पेशंटकडून शिकले, त्यामुळे खाज, चिखल्या, नखुरडं हे शब्द स्वच्छ, बाकी सगळं खिचडी. माझ्याहून वयाने थोरले, तरी पहिल्या दिवसापासून मला अम्मा म्हणतात. पण एक गोष्ट मी पाहिली. माणूस किती का चिघळलेला असेना, डॉक्टरसाहेब त्याला हात लावून बघतात. कापड रंगवणारे कामगार येत, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून कुजलेल्या, वासाने बाकावरची माणसं उठून जात. डॉक्टरसाहेब तो पाय मांडीवर घेत. झटपट आरामाचं इंजेक्शन ते देत नाहीत. त्यामुळे गल्लीच्या टोकाला, दोन दिवसांत खाज बंद म्हणणाऱ्याकडे रांग आणि यांच्या बाकावर आम्ही चार जण, असं कितीदा बघितलंय. त्या रांगेतली माणसं शेवटी यांच्याकडेच येत, पण अंगभर पसरल्यावर. कॅम्पातलाच एक दुकानदार आला होता. त्याचा नायटा जांघेतून पाठीवर, पाठीवरून मानेवर, रंग उडालेला, कातडी कागदासारखी पातळ. म्हणाला, "डॉक्टर, दोन दिवसांत बरं करा, घरात लग्न आहे." डॉक्टरसाहेब म्हणाले, "दोन दिवसांत बरं करणाऱ्यानेच हे केलंय."

इथवर सांगितलं ते हसण्यासारखं होतं. आता माझ्या मालकांचं सांगते.

माझे मालक अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला होते. जांभूळ गावाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी, तिथे थोडी भातशेती. ती धाकटे दीर आणि माझी जाऊ शेवंता बघत. मालक सुट्टीला जाऊन राबून येत. आम्ही धम्म घेतलेली माणसं. घरातले देव सासऱ्यांनी कधीच नदीत सोडले होते. मालक तर विहारात वंदना सांगायला पुढे. भगत आणि अंगारे यांच्या विरुद्ध बोलायला उभे राहिले की लोक टाळ्या वाजवत. देव नदीत सोडता येतात. भीती मात्र पाण्यावर तरंगते, काठाला लागते आणि मागच्या दाराने घरात येते.

एका पावसाळ्याच्या तोंडाला मालक शेताला काट्यांचं कुंपण घालायला गेले. वाटेत तीन वाटा फुटतात तिथे कोणीतरी उतारा टाकला होता, म्हणजे कोणाच्या तरी अंगावरून ओवाळून टाकलेला भात, लिंबू, मोहरी. मालकांचा अनवाणी पाय त्यात पडला. त्याच दिवशी कुंपणाचा काटाही तळव्यात रुतला. काटा उपटून टाकला, बिब्ब्याचा चटका दिला, विसरले. वर्ष गेलं. मग तळव्यावर सुपारीएवढी गाठ आली. दुखेना, खुपेना. दुखलं असतं तर बरं झालं असतं असं मी पुढे किती वेळा म्हटलं असेल! पाय हळूहळू सुरणाच्या गड्ड्यासारखा सुजला, त्याला बारीक तोंडं फुटली, आणि त्या तोंडांतून पाण्याबरोबर काळे काळे दाणे यायला लागले. हुबेहूब मोहरी.

मालकांनी ते दाणे काड्यापेटीत साठवायला सुरुवात केली. मला म्हणाले, "बघ, निघतेय."

"काय निघतंय?"

"उताऱ्याची मोहरी. त्या दिवशी पायात शिरली ती. सगळी निघाली की मी मोकळा."

तेव्हा मला कळलं की विहारात भाषण करणारा हा माणूस गुपचूप भगताकडे जाऊन आलाय. भगताने सांगितलं होतं, मूठभर मोहरी आत गेलीय, मूठभर बाहेर पडली पाहिजे, मधे कोणी कापाकापी करू नका. आणि उतारा कोणी टाकला? तर घरच्याच बाईने. बांधावरून शेवंताची आणि मालकांची त्या साली बोलाचाली झाली होती. झालं! शेवंताचं नाव आलं. तिच्या हातचं पाणी बंद, तिने आमच्या दारात यायचं नाही. दिरांनीसुद्धा तिच्या बाजूने तोंड उघडलं नाही.

मी मालकांना ओढत टेकचंद डॉक्टरांकडे नेलं. पाय बघताच डॉक्टरसाहेबांचा विनोद संपला. त्यांनी विचारलं, "काटा रुतला होता?"

मालक म्हणाले, "साहेब, काटा रोज रुततो. उतारा रोज नाही ओलांडत."

आता सांगा, याला काय उत्तर द्यायचं? डॉक्टरसाहेब हसले नाहीत, रागावले नाहीत. त्यांनी सांगितलं की ही मातीतली बुरशी आहे. नायट्याची बुरशी कातडीवर फिरते, ही काट्याबरोबर आत जाते, मांसातून वाट काढते आणि हाडाला लागते. हे दाणे म्हणजे तिचीच वस्ती. फोटो काढला, त्यात पायाची हाडं वाळवीने खाल्लेल्या वाशासारखी दिसत होती. या बुरशीवर चालतील अशा गोळ्या थोड्या आहेत आणि काळ्या दाण्याला त्या फारशा पुरत नाहीत, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. पाऊल आत्ता काढलं तर पाय वाचेल.

"काढायचं नाही," मालक म्हणाले. "अजून मोहरी निघतेय."

डॉक्टरसाहेब माझ्याकडे वळले, "अम्मा, उद्या घरातली मोहरी आणा. फोडणीची."

दुसऱ्या दिवशी मी डबाच नेला. डॉक्टरसाहेबांनी एका बशीत ओला कापूस पसरला. एका बाजूला माझी मोहरी पेरली, दुसऱ्या बाजूला मालकांच्या काड्यापेटीतले दाणे, आणि बशी खिडकीत ठेवली. थोडे दाणे त्यांनी काचेच्या नळीतही घातले. मालकांना म्हणाले, "भाऊ, तुम्ही शेतकरी. मी डॉक्टर. माझं ऐकू नका. बशीचं ऐका."

पुढच्या खेपेला गेलो तर माझ्या मोहरीला हिरवे कोंब आलेले. दुसऱ्या बाजूचे दाणे तसेच काळे, निपचित. डॉक्टरसाहेब लहान मुलासारखे आनंदले होते. बशी मालकांच्या हातात देऊन म्हणाले, "बोला आता!"

मालकांनी बशी उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि शांतपणे म्हणाले, "करणीची मोहरी उगवत नसते, साहेब. ती भाजून घेतात."

डॉक्टरसाहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. एवढा शिकलेला माणूस, हातात बशी घेऊन उभा. वीस जणांसमोर थोबाडीत खाल्ल्यासारखा. पण म्हणाले काय, "ठीक है भाऊ. भगतही चालू ठेवा. पण माझ्या गोळ्या बंद करू नका." काही आठवड्यांनी काचेच्या नळीत तपकिरी बुरशीची लव धरली. तीही त्यांनी दाखवली. मालक म्हणाले, काचेत काय, शिळ्या भाकरीवरही बुरशी येते.

माणसाला अडाणी म्हणून हिणवणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले. टेकचंद डॉक्टरांनी मालकांना एकदाही हिणवलं नाही. उलट एका रविवारी दवाखाना बंद ठेवून ते आमच्या वाडीत आले. मला वाटलं, सगळ्यांचे पाय बघायला आले. पाय बघितलेच, पण आधी विचारलं, "शेवंताबाईंचं घर कुठलं?" सगळी वाडी बघत असताना ते तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "ताई, चहा मिळेल का?" डॉक्टरसाहेबांना गोड वर्ज्य. शेवंता बिचारी आनंदाच्या भरात मूठभर साखर घालून चहा घेऊन आली. त्यांनी तो घोट घोट प्यायला, वर आणखी अर्धा कप मागितला. शेवंता आत जाऊन रडली. पण खरं सांगू? डॉक्टर गेले आणि वाडी होती तशीच राहिली. कोणी म्हणालं, शहरातल्या माणसाला करणी बाधत नाही.

पाऊल कारखान्याच्या बुटात मावेनासं झालं, कामावरून घरी बसवलं, तेव्हा मालक कापायला तयार झाले. तोवर पाऊल काढून भागण्याचे दिवस गेले होते. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढला. डॉक्टरसाहेब स्वतः बरोबर आले होते. शुद्धीवर आल्यावर मालकांनी पहिला प्रश्न केला, "सगळी गेली ना मोहरी?" डॉक्टरसाहेब म्हणाले, "जेवढी दिसली तेवढी गेली. शब्द नाही देणार, भाऊ." दुसरा कोणी असता तर निदान त्या दिवशी तरी हो म्हणाला असता. मला त्यांचा फार राग आला. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "एवढं खोटं बोलायला काय झालं होतं?" ते म्हणाले, "अम्मा, मग उद्या मी खरं सांगितलं तर ते कशाला ऐकतील?"

एक वर्ष बरं गेलं. मालक कुबड्या घेऊन चाळीच्या तोंडाशी बसत, येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करत. मग एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. कापलेल्या पायाच्या उरलेल्या टोकाला एक गाठ आली होती, तिला तोंड फुटलं होतं आणि धोतरावर चार काळे दाणे पडले होते. मालक त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "पाऊल तर तिकडे मुंबईला गेलं."

"हो."

"मोहरी पावलात शिरली होती."

"असं तुम्हीच म्हणत होतात."

"मग ही वर कशी आली? मोहरी पडेल तिथे पडून राहते. मोहरी चढत नाही. हे चढतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे हे जिवंत आहे. डॉक्टर खरं सांगत होते." आणि थोड्या वेळाने, "शेवंताला बोलाव."

जे बशीने सांगून पटलं नाही, काचेच्या नळीने पटलं नाही, ते रोगाने स्वतः वर चढून पटवलं. पटलं तेव्हा त्या पटण्याचा काही उपयोग उरला नव्हता. मला त्या दिवशी रडू आलं नाही, कोरडं हसू आलं. माणसाला शहाणं करायला एवढा पाय लागावा?

शेवंता आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मालक म्हणाले, "आत ये. पाणी दे मला." ती म्हणाली, "भावजी, माझ्या हातचं?" ते म्हणाले, "तुझ्याच. माझा पाय नाही, नाहीतर मीच उठून घेतलं असतं." तिने तांब्या भरून दिला. ते प्यायले. शेवंताने रिकामा तांब्या उचलून ठेवला. तिची गेलेली वर्षं त्या तांब्यात मावणार होती थोडीच.

पुढे मांडीतून कापलं. मग जांघेत गाठ धरली. तिथे कापायला काही राहत नाही. नव्वद साल मागे पडलं होतं. मालक गेले तेव्हा डॉक्टरसाहेब आमच्या घरी आले आणि जमिनीवर बसले. बाकीचे येऊन म्हणत, देवाची मर्जी. आम्ही देव सोडलेले, आमच्या वाट्याला तेवढीही सोय नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, "अम्मा, मी हरलो. ती बुरशी माझ्या पुढे होती, पुढेच राहिली." चाळीतल्या काही लोकांना ते आवडलं नाही. डॉक्टरने असं बोलू नये म्हणे. मला त्या शब्दांनीच घास गिळता आला. माझ्या दुःखात माझ्याइतकाच हरलेला एक माणूस समोर बसला होता.

या ग्रंथात डॉक्टरसाहेबांचे पुष्कळ विजय लिहिलेले असतील. ते वाचून दाखवायला मी नातीला सांगेन. पण मला जे माहीत आहे ते हे की त्यांच्या धंद्यात जिंकणं फार थोडं आहे. बरा केलेला नायटा पुढच्या पावसाळ्यात परत येतो, एक घर सुधारलं तर शेजारचं घर उसनी ट्यूब मागतं. मालकांच्या मागे डॉक्टरसाहेब जमेल त्या रविवारी बदलापूरच्या पुढच्या वाड्यांवर जाऊ लागले. लोकांना चपला घाला म्हणून सांगतात. लोक त्यांच्यासमोर घालतात आणि चिखलात उतरताना काढून बांधावर ठेवतात. चपला चिखलात खराब होतात ना! परवाच ते मला म्हणाले, "अम्मा, मी थकलो." मी म्हटलं, "थका. मीही थकले. पण माझ्यासारखं बसून राहू नका, तुम्हाला ते जमत नाही."

गेल्या उन्हाळ्यात वाडीतला एक जण मी त्यांच्याकडे नेला. पाय सुजलेला, तोंडं फुटलेली. मी विचारलं, "एवढे दिवस काय करत होतास?" तो खाली बघू लागला. डॉक्टरसाहेबांनी मला हाताने थांबवलं, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाले, "आला ना? बस." त्याच्याही पायाचं काय होईल, मला माहीत नाही. डॉक्टरसाहेबांना माहीत आहे, असं त्यांच्या तोंडावरून वाटलं.

आता रीतीप्रमाणे दीर्घायुष्य चिंतायचं. साहेब, आम्ही सुधारू, वेळेवर येऊ, असा शब्द मी देत नाही. खोटं तुम्हाला चालत नाही आणि आता मलाही चालत नाही. आम्ही आधी दुसरीकडे जाणार, घरातल्या कोणावर तरी आळ घेणार, पाय जाईपर्यंत वाट बघणार आणि मग तुमची पायरी चढणार. म्हणून तुमचे हात शाबूत राहोत, डोळे शाबूत राहोत, गुडघे धड राहोत. आम्ही उशिरा येणारी माणसं आहोत. तुम्ही घाईने जाऊ नका.